लेखाकर्माचा ऑनलाइन अभ्यासक्रम : काय मिळते आणि काय राहून जाते

अभियांत्रिकी किंवा विज्ञान शिकताना लेखाकर्माची तोंडओळख हवी असेल, तर आज तुम्हाला वाणिज्य महाविद्यालयाची पायरी चढावी लागत नाही. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावरील व्यवस्थापन विषयांचे समन्वयन बंगळुरूची भारतीय व्यवस्थापन संस्था करते. ‘एनपीटेल’वरही वित्तीय लेखाकर्माचे अभ्यासक्रम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा रीतीने पूर्ण करून त्यांचे श्रेयांक मिळवता येतात. म्हणजे हा विषय आता तुमच्या गुणपत्रिकेत येतो. तो शिकवण्याची ही पद्धत कितपत पुरेशी आहे, हे म्हणूनच तपासून पाहायला हवे.

जमेची बाजू

आधी जमेची बाजू पाहू. व्याख्याने विनामूल्य आहेत आणि चांगल्या शिक्षकांची आहेत. घसारा समजला नाही तर व्याख्यान थांबवून तोच भाग पुन्हा ऐकता येतो. साठ जणांच्या वर्गात तिसऱ्यांदा हात वर करायला संकोच वाटतो, इथे तो प्रश्नच येत नाही. अकरावीला ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ ज्यांनी पाहिलेच नाही, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

वही कोणाची?

पहिली अडचण ‘डेबिट’ आणि ‘क्रेडिट’ या दोन शब्दांपाशीच येते. वैयक्तिक, वास्तव आणि नामधारी खात्यांचे तीन नियम पडद्यावर येतात, तुम्ही ते पाठ करता आणि पुढे जाता. पण तुमच्या मोबाइलवर बँकेचा संदेश येतो की पैसे काढल्यामुळे खाते ‘डेबिट’ झाले. अभ्यासक्रम सांगतो की बँकेत पैसे वाढले तर बँक खाते ‘डेबिट’ करा. दोन्ही बरोबर कसे?

उत्तर आपल्या जुन्या मराठी शब्दांत आहे. ‘डेबिट’ला आपण ‘नावे’ म्हणतो आणि ‘क्रेडिट’ला ‘जमा’. उधारीवर साखर घेताना आपण दुकानदाराला सांगतो, “माझ्या नावावर मांडा.” त्या क्षणी त्याच्या वहीत तुम्ही ऋणको झालात. बँकेचा संदेश हाही बँकेच्या वहीतला उतारा असतो. तुमची ठेव बँकेच्या दृष्टीने देणे आहे, म्हणून पैसे भरले की तिच्या वहीत तुमच्या खात्यावर जमा आणि काढले की नावे. तुमच्या वहीत हेच व्यवहार उलट बाजूंना बसतात. वही कोणाची, हा प्रश्न आधी विचारला की पाठ केलेल्या नियमांना अर्थ येतो. नियमांची यादी दाखवून पुढे सरकणारे व्याख्यान हा प्रश्न विचारण्याची संधी घालवते.

चुकीला जागा नाही

दुसरी अडचण मूल्यमापनाची आहे. एनपीटेलच्या नेहमीच्या पद्धतीत २५ गुण साप्ताहिक स्वाध्यायांना आणि ७५ गुण केंद्रावर होणाऱ्या परीक्षेला असतात. स्वाध्याय बहुतेक वेळा पर्यायी प्रश्नांचे असतात. चारांतून योग्य नोंद ओळखणे आणि कोऱ्या कागदावर ती स्वतः लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. फळ्यावर सोडवलेले परिपथ समजले म्हणून ब्रेडबोर्डवर दिवा लागतोच असे नाही, हे तुम्हाला प्रयोगशाळेत कळलेलेच आहे.

लेखाकर्माची प्रयोगशाळा म्हणजे न जुळलेली तेरीज. रोजकीर्दीतून खतावणी केली, शिल्लका काढल्या आणि दोन्ही बाजूंत ९०० रुपयांचा फरक आला, की शोध सुरू होतो. फरकाला नऊने भाग जातो, तेव्हा कुठेतरी ५,४०० चे ४,५०० झाले असतील. फरक ७०० असेल, तर ३५० ची एखादी रक्कम चुकीच्या बाजूला गेली असेल. असा तासभर शोध घेतलेला विद्यार्थी द्विनोंदी पद्धत सहसा विसरत नाही. चित्रफितीत मात्र तेरीज पहिल्याच फटक्यात जुळते, कारण शिक्षकांनी ती आधीच जुळवून आणलेली असते.

यावर तुम्ही म्हणाल, आता हाताने खतावणी करतो कोण? १९८६ मध्ये सुरू झालेली, बंगळुरूचीच ‘टॅली’ एकदा व्यवहार भरला की खतावणीपासून ताळेबंदापर्यंत सारे तयार करते. खरे आहे. पण हाती आलेली रक्कम उत्पन्न आहे की आगाऊ घेतलेले देणे, हे त्या प्रणालीला तुम्हीच सांगावे लागते. संगणकाच्या दुरुस्तीचे ६,००० रुपये संगणकाच्या खरेदीत घातले, तर तेरीज बिनतक्रार जुळेल, नफा मात्र फुगेल. बेरीज यंत्राने करावी. निर्णय माणसाचा असतो, आणि तो घेण्याचा सराव हाताने नोंदी केल्यानेच होतो.

हा निर्णय किती मोठा?

एक छोटा हिशोब करा. तुमच्या महाविद्यालयातील एका मंडळाने ५० सभासदांकडून प्रत्येकी २०० रुपये घेतले. ६,००० रुपयांचे इलेक्ट्रॉनिक संच रोखीने आणले. १,५०० रुपयांचा फलक उधारीवर छापला. पुढच्या महिन्यातील कार्यशाळेचे ४,००० रुपये शुल्क आधीच गोळा केले. पेटीत ८,००० रुपये आहेत आणि खजिनदार खूश आहे. पण फलकवाल्याचे १,५०० द्यायचे आहेत, आणि कार्यशाळा झालीच नाही तर ४,००० परत करावे लागतील. मोकळे पैसे फक्त २,५०० आहेत. ताळेबंद मांडून पाहा: रोख ८,००० आणि संच ६,००० मिळून मालमत्ता १४,०००, देणी ५,५०० आणि मंडळाचा स्वतःचा निधी ८,५००, एकूण १४,०००.

हाच प्रश्न बंगळुरूत हजारो कोटींच्या पातळीवर उभा राहिला. ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या ‘बायजूज’ने २०२०-२१ या वर्षाचे निकाल दीर्घ विलंबानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. उत्पन्न सुमारे २,४०० कोटी रुपये आणि तोटा साडेचार हजार कोटींहून अधिक होता. उत्पन्न अपेक्षेपेक्षा बरेच कमी दिसण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्याची नोंद करण्याची पद्धत बदलली होती. अनेक महिन्यांच्या शिकवणीचे शुल्क आज हाती आले, तरी ते सारे आजचे उत्पन्न ठरत नाही. शिकवणी जशी होईल तसे ते उत्पन्नात येते. मंडळाच्या ४,००० रुपयांचा नियमही हाच आहे. तुमच्यापैकी कित्येक जण उद्या याच शहरातील नवउद्योगांत नोकरीला लागाल. पगार कोणत्या पैशांतून येतो आणि तो पैसा खरोखर कंपनीचा आहे का, हे वाचता येणे ही तुमची स्वतःची गरज आहे.

मग कसे शिकावे?

अभ्यासक्रम जरूर घ्या. पण प्रत्येक उदाहरणाची उकल सुरू होण्याआधी चित्रफीत थांबवा आणि नोंद वहीत लिहा. तुमच्या खोलीचा किंवा मंडळाचा एका महिन्याचा हिशोब रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद या क्रमाने स्वतः मांडा. मित्राची वही तपासा, त्याला तुमची तपासू द्या. वर्गात आपोआप मिळणारी ही गोष्ट ऑनलाइन शिकताना मुद्दाम जुळवून आणावी लागते. विषय शिकवणाऱ्या संस्थांनाही एक मागणी आहे: बारा आठवड्यांतला निदान एक स्वाध्याय न जुळणाऱ्या तेरजेचा द्या.

शेवटी इन्फोसिसचा वार्षिक अहवाल उघडा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. त्यात ग्राहकांकडून आलेले, पण अजून न कमावलेले उत्पन्न देण्यांच्या बाजूला शोधा. ते तिथे का आहे, हे शेजारच्याला दोन वाक्यांत सांगता आले, तर प्रमाणपत्र हाती येण्याआधीच तुमचा अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे.