बोटांना दिसणारा पंप

लिंगाला ताठरता येण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या, फुगवता येणाऱ्या लिंग-इम्प्लांटचा विषय निघाला की बोलणं शस्त्रक्रियेभोवतीच फिरतं. किती तास लागतात, खर्च किती, जंतुसंसर्ग झाला तर काय. मला मात्र या साधनात सगळ्यात मोलाचा वाटतो तो अंडकोशाच्या पिशवीत बसवलेला छोटा पंप. रुग्णांना समजावण्यासाठी डॉक्टरांकडे नमुन्याचा संच असतो. त्यातला पंप हातात घ्यावा, डोळे मिटावेत आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट एवढ्यांनीच तो चाचपून पाहावा. पुढे आयुष्यभर तो असाच वापरायचा असतो, कातडीच्या आडून, न बघता.

रचना तशी साधी. लिंगातल्या दोन पोकळ्यांत दोन नळ्या, ओटीपोटात सलाईनची टाकी आणि मधे पंप. पंपाचा खालचा फुगा मऊ, रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या रबरी फुग्याची छोटी आवृत्तीच. तो दाबला की सलाईन नळ्यांत जातं, सोडला की टाकीतून नवं सलाईन ओढून घेतो. यातलं 'सोडणं' फार महत्त्वाचं. नवखा माणूस घाईने दाबत सुटतो, फुगा भरायला वेळच देत नाही आणि मग यंत्र बिघडलं म्हणून धास्तावतो. फुग्याच्या वर एक टणक ठोकळा असतो, रिकामं करायची सोय त्याच्यावर. मऊ म्हणजे भरायचं, टणक म्हणजे उतरवायचं. हा फरक बोटांना आपसूक कळावा, असं ज्यांनी योजलं त्यांना मी मनापासून दाद देतो.

1973 साली स्कॉट, ब्रॅडली आणि टिम या अमेरिकी त्रयीने हे साधन वैद्यकीय जगापुढे मांडलं, तेव्हा पंप दोन होते. एका बाजूचा भरायला, दुसऱ्या बाजूचा उतरवायला. कृती एकच, दाबायची. जागा तेवढ्या दोन. शिकायला सोपं, पण पिशवीत दोन-दोन पंप, जास्त नळ्या, जास्त जोड, आणि जितके जोड तितक्या गळतीच्या शक्यता. पुढे दोन्ही कामं एकाच पंपात आली. जागा एक झाली, कृती दोन झाल्या. शरीरातली गर्दी कमी झाली आणि रुग्णाच्या बोटांवरची जबाबदारी वाढली.

कारण खरी अडचण भरण्यात नसतेच, उतरवण्यात असते. भरताना प्रत्येक दाबाचं फळ लगेच जाणवतं. उतरवायला पूर्वी ठोकळ्याच्या दोन्ही बाजू चिमटीत पकडून सलाईन टाकीत परतेपर्यंत धरून ठेवाव्या लागत. ठोकळा सुळकन निसटे, फिरे, नाहीतर बोटं भलत्याच जागी दाबत राहत. संधिवाताच्या माणसाला ही चिमूट फार जड. या शतकाच्या पहिल्या दशकात आलेल्या 'मोमेंटरी स्क्वीझ' आणि 'वन टच रिलीज' या पंपांनी नेमकी हीच चिमूट वाचवली: बटण काही क्षण दाबून सोडायचं, पुढचं काम झडप करते. नव्या पंपांतल्या झडपा चालता-बसताना सलाईन आपोआप नळ्यांत शिरू देत नाहीत. त्याची किंमत इतकीच की काही पंपांत पहिला दाब चांगला जोराने द्यावा लागतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर पंप अडकला असंच वाटतं.

इथे एक गोष्ट मनाला लागते. अनेकांना इम्प्लांटची गरज पडते ती मधुमेहामुळे, आणि तोच मधुमेह मज्जातंतू बधिर करत पुढे हातांपर्यंतही पोचू शकतो. पोट सुटलं असेल तर खाली दिसतही नाही. तेव्हा शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या हातांत नमुना देऊन त्याची बोटं काय करू शकतात ते पाहणारा डॉक्टर मला खरा जाणकार वाटतो. पार्किन्सनने हात थरथरत असतील तर वाकवता येणारी पक्की कांडी बरी, मुंबईच्या डॉ. रूपिन शहांच्या नावाने ओळखलं जाणारं कमी खर्चाचं भारतीय इम्प्लांट त्याच जातीचं. त्यात पंपच नाही, हाताने वर-खाली वळवायचं. आणि पंपच हवा असेल तर तो चालवायला पत्नीलाही शिकवता येतं. आपल्याकडे तपासणीच्या खोलीत नवरा एकटाच जातो आणि ती बाहेर बाकावर बसून राहते, हे चित्र बदलायला हवं.

टाके भरले म्हणजे काम झालं, असंही नाही. आधी सूज उतरू द्यायची. पंप वर सरकून बसू नये म्हणून डॉक्टर सांगतील तसा तो रोज हलक्या हाताने खाली ओढायचा. साधारण चार ते सहा आठवड्यांनी पहिला धडा होतो. त्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः पंप चालवून दाखवला आणि रुग्णाने मान डोलावली, एवढ्यावर त्याला घरी पाठवू नये. पंप कुठला आणि वृषण कुठलं, हे त्याच्याच बोटांनी शोधायला हवं. आधी दुखेल या भीतीने तो अलगद दाबतो, काहीच होत नाही. मग धीर करून दाबतो. भरून झाल्यावर बटण त्यानेच शोधायचं, उतरवायचंही त्यानेच, आणि हे सगळं पुन्हा एकदा, डॉक्टरांनी हात न लावता.