‘बायकांना छातीत दुखत नाही’: एका जनजागृतीच्या वाक्याची तपासणी

दरवर्षी 29 सप्टेंबरला, जागतिक हृदय दिनाच्या आसपास, एक वाक्य हमखास फिरतं: ‘बायकांना हार्ट अटॅक येतो तेव्हा छातीत दुखत नाही, थकवा येतो, पाठ दुखते.’ हेतू चांगला आहे, पण वाक्य चुकीचं आहे. ते कसं चुकतं, हे संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी बघायलाच हवं.

आधी आकडे बघूया. अमेरिकेतल्या ‘व्हर्गो’ अभ्यासातला लक्षणांवरचा लेख 2018 मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये आला. त्यात हार्ट अटॅकने दाखल झालेल्या 2,009 स्त्रिया आणि 976 पुरुष होते, सगळे 55 वर्षांपर्यंतचे. छातीतला त्रास सांगणाऱ्या स्त्रिया होत्या 87 टक्के आणि पुरुष 89.5 टक्के. म्हणजे फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा! मोठा फरक दुसरीकडे आहे. छातीखेरीज आणखी तीन किंवा जास्त लक्षणं सांगणाऱ्या स्त्रिया 61.9 टक्के, तर पुरुष 54.8 टक्के. ही लक्षणं छातीतल्या त्रासाच्या जोडीला होती, त्याच्या बदल्यात नव्हे. ‘पुरुषांपेक्षा जास्त वेळा’ याचं हळूच ‘स्त्रियांमध्ये हेच’ असं झालं. दोन गटांमधला फरक म्हणजे एका गटाचं वर्णन नव्हे, ही सांख्यिकीतली पहिल्या वर्षाची गोष्ट इथे निसटली.

त्याच लेखातला आणखी एक आकडा जनजागृतीत फारसा दिसत नाही. दाखल होण्याआधी याच लक्षणांसाठी डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांपैकी 53 टक्के स्त्रियांनी सांगितलं, की डॉक्टरांना ते हृदयाचं वाटलंच नाही. पुरुषांत हे प्रमाण 37 टक्के होतं. म्हणजे बाई गेली होती, बोललीही होती. तरी आपली पोस्टर्स तिलाच सांगतात, ‘लक्षणं ओळखा.’ ऐकणाऱ्यासाठी पोस्टर कोण काढणार?

अर्थात हा अभ्यास दवाखान्यात पोचलेल्या आणि निदान झालेल्या रुग्णांचा आहे. ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी परतलेली आणि घरीच गेलेली बाई त्यात येतच नाही. शिवाय तो अमेरिकेतला. तो जसाच्या तसा उचलून मावळात ठेवता येणार नाही.

मावळात प्रश्न कसा बदलतो बघा. आंदर मावळात किंवा पवन मावळात भातलावणीच्या दिवसांत ‘थकवा आणि पाठदुखी’ कुठल्या बाईला नसते? दिवसभर चिखलात वाकून रोपं लावल्यावर पाठ दुखणारच. जी खूण सगळ्यांनाच लागू पडते, ती कुणालाच सावध करत नाही. जेफ्री रोझ यांच्या 1962 च्या प्रश्नावलीतला प्रश्न इथे जास्त कामाचा आहे: चढ चढताना किंवा घाईने चालताना छातीत त्रास होतो का, आणि थांबल्यावर जातो का? कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला हा प्रश्न लगेच कळेल.

पण तो मराठीत विचारायचा कसा? ‘व्हर्गो’मध्ये छातीतल्या त्रासात वेदना, दाब, आवळल्यासारखं वाटणं आणि अस्वस्थता हे सगळं धरलं होतं. आपण नुसतं ‘छातीत दुखतं का?’ विचारलं, तर ‘दुखत नाही हो, जड वाटतंय’ म्हणणारी बाई आपल्या फॉर्मवर ‘नाही’च्या रकान्यात जाईल. मग आपणच लिहू, की मावळातल्या बायकांना छातीत दुखत नाही! म्हणून प्रश्नावलीचं भाषांतर गावातल्या बायकांसमोर वाचून बघणं, त्या कुठला शब्द वापरतात ते टिपणं, हे काम आकडे गोळा करण्याइतकंच शास्त्रीय आहे.

जनजागृतीचं वाक्य मग असं हवं: छातीत दुखणं, दाब, जडपणा किंवा आवळणं काही मिनिटं राहिलं, सोबत घाम, धाप, मळमळ असो वा नसो, 108 ला फोन करा. छातीत काहीच नसलं, पण अचानक धाप लागली, दरदरून घाम आला किंवा जबड्यात, हातात कळ आली, तरीही करा. आणि तपासणाऱ्यासाठी: बाई आहे म्हणून ईसीजी लांबवू नका. वाक्य लांब आहे, मान्य. पण आधीच्या छोट्या वाक्यावर विश्वास ठेवून छातीतला दाब अंगावर काढणाऱ्या बाईचा वेळ त्याहून महाग आहे.