न विचारता सांगणे

माउली, तुकोबारायांचे आत्मचरित्रपर अभंग आपण वर्षानुवर्षे म्हणतो. महाराज त्यांत काय सांगतात ते एकदा सावकाश पाहा. दुष्काळात पैसा गेला, मान गेला. बायको अन्न अन्न करीत गेली. व्यापारात तूट आली, लोकांत लाज वाटू लागली. एकादशीच्या कीर्तनाला उभे राहिले तेव्हा अभ्यास नव्हता, हेही झाकले नाही. आणि हे बोलू नये असे वाटत असूनही बोलले, कारण संतांनी विचारले. शिऊरच्या बहिणाबाईंनी तर नवऱ्याचा मारही अभंगात सांगितला.

तेव्हा आपले आयुष्य चारचौघांत सांगणे आपल्या संप्रदायाला वर्ज्य नाही. मग फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर माणसे रोज आपले घर मांडतात ते पाहून माझा जीव का कासावीस होतो? मुले म्हणतात, वय झाले. मला ते पटत नाही.

व्हॉट्सॲपचे स्टेटस २४ तासांत पुसले जाते, पण तोवर कोणी कोणी पाहिले त्याची यादी टाकणाऱ्याला दिसते. माझे भांडण त्या यादीशी आहे. तुळशीला पाणी घातले, टाक फोटो. आईचा दहावा, टाक फोटो. मग पिंडाला कावळा शिवतो का हे बघायचे सोडून किती जणांनी बघितले हे बघत बसायचे! तुकोबांनी लाजेची गोष्ट सांगितली, आपण वाहवा होईल तेवढीच निवडून काढतो. विचारलेले तर कोणीच नसते.

स्वतःचे एक वेळ सोडा. चंद्रभागेत स्नान करून ओलेत्याने उभी असलेली म्हातारी, पायाच्या फोडांना तेल लावत बसलेला वारकरी, यांचे चेहरे कोणीतरी जगापुढे टाकतो. त्यांना विचारले कोणी? पालखीचे प्रस्थान परदेशातल्या लेकरांना घरबसल्या दिसते, त्याचे मोल मी जाणतो. पण प्रस्थान सगळ्यांचे आहे. म्हातारीचे ओले लुगडे तिचे एकटीचे आहे.

मुक्कामाला राहुटीत पाय चेपता चेपता माणसे मनातले बोलतात. कर्ज, लेकीची सोडचिठ्ठी, भावाभावांतला बांध. ऐकणारा हुं म्हणतो, कधी नुसता पाय चेपत राहतो. गेल्या वारीत असाच एक जण रडत बोलत होता आणि एका तरुण टाळकऱ्याने मोबाइल वर धरला. आमचे विणेकरी त्याला काही बोलले नाहीत. तेलाची बाटली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "दुसरा पाय तू घे."