पिकदाणी आणि पेरू

नाटक पाहून आलेला साधा माणूस ‘बरं होतं’ म्हणतो आणि झोपतो. समीक्षक त्याच नाटकात मानवी अस्तित्वाची तडफड पाहून येतो आणि दुसऱ्यांना झोपू देत नाही. खाण्यापिण्याच्या बाबतीत आपला समाज अजून या रोगापासून दूर आहे. आमटीत मीठ कमी असलं तर आपण ‘मीठ कमी आहे’ एवढंच म्हणतो, आणि घरात शांतता हवी असेल तर तेही म्हणत नाही.

वाइनचं मात्र तसं नाही. तिची समीक्षा हे स्वतंत्र शास्त्र आहे. गेल्या फेब्रुवारीत नाशिकजवळच्या एका वाइनरीत या शास्त्राचा जाहीर प्रयोग झाला. निमंत्रण आमच्या मॅनेजरसाहेबांना होतं, पण साहेबांना ॲसिडिटी. तेव्हा बँकेचे प्रतिनिधी म्हणून अस्मादिक. आता नाटकावर लिहितात, तर या प्रयोगावर का लिहू नये?

प्रमुख भूमिकेत होता फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातून आलेला, स्वतः द्राक्षं पिकवून वाइन करणारा पाहुणा. शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांक या ज्या पांढऱ्या जाती नाशिककडे लावतात, त्या मूळच्या त्याच्या मुलखातल्या. म्हणजे लेकी सासरी कशा नांदताहेत हे बघायला वडील आले होते म्हणा ना! सासरची रीतच उलटी. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. इकडे त्या सुमारास गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. शिवाय एप्रिलात खरड छाटणी निराळी. वर्षातून दोनदा कात्री लागूनही वेल फळ देते, याचं पाहुण्याला कोण कौतुक! बँकेतल्या माणसाला त्यात नवल वाटलं नाही. आमचा पगार दर महिन्याला छाटतात, तरी आम्ही फळ देतोच.

नेपथ्य उत्तम. पांढरे टेबलक्लॉथ, काचेचे लांब देठाचे पेले आणि प्रत्येकापुढे एक चकचकीत पिकदाणी. वाइन तोंडात घ्यायची, खळखळून फिरवायची आणि थुंकायची! कॉमर्स ग्रॅज्युएटला हा व्यवहार जमेच्या बाजूला मांडणं कठीण जातं. पण त्यात तर्क आहे. बारा-तेरा टक्के अल्कोहोलचे आठ-दहा पेले गिळल्यावर अकराव्याचं गुणवर्णन कोण करणार? चाखण्याच्या या कार्यक्रमात चखणा मात्र नव्हता. बिनमिठाची बिस्किटं होती. शेव-चिवडा ठेवला तर जीभ बहिरी होते म्हणे.

प्रयोग घसरला तो संहितेत. सूत्रधार मुंबईहून आणलेले होते. त्यांनी आधी वाइनचं अंग पाहिलं, मग पाय पाहिले, मग नाक. या मंडळींच्या बोलीत वाइनला बॉडी, लेग्ज आणि नोज असतात. म्हणजे सगळा मुलगी बघण्याचा कार्यक्रम, फक्त गाणं म्हणायला सांगितलं नाही. मग डोळे मिटून ते उद्गारले, “गूजबेरी!” सभागृहाने माना डोलावल्या. त्यातल्या किती जणांनी गूजबेरी पाहिली असेल? शब्दकोशात बघावं तर ‘आवळा’ म्हणतो, आणि आवळ्याचा त्या फळाशी आडनाव जुळण्यापलीकडे संबंध नाही. इंग्लंडातले जाणकार तर सोव्हिन्यों ब्लांकच्या वासाला गूजबेरीच्या झुडपावर मांजराने केलेल्या प्रतापाची उपमा देतात. आणि ही निंदा नव्हे हो, कौतुक आहे!

असल्या शब्दांना शिस्त लागावी म्हणून कॅलिफोर्नियात ॲन नोबल या प्राध्यापक बाईंनी १९८४ साली वासांचं एक चक्र छापलं. हेतू चांगला होता: ‘उदात्त’, ‘खानदानी’ असलं काही न म्हणता ‘ढोबळी मिरची’, ‘मध’ असं ओळखीचं नाव सांगा. पण माणूस नाकापेक्षा डोळ्यांवर आणि डोळ्यांपेक्षा लेबलावर विश्वास ठेवतो. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी एक शोधनिबंध छापला. त्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली होती. विद्यार्थी वाइनशास्त्राचेच, तरी त्यांनी तिला लाल वाइनची विशेषणं लावली. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांना नकळत तीनदा दिली गेली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारा दहात एखादाच निघाला. मी रोज चेकवरच्या सह्या ताडून पाहतो. एकच सही सकाळी पास, दुपारी परत आणि संध्याकाळी सुवर्णपदक असं मी करू लागलो, तर बँक मला कुठे पाठवील हे सांगायला नको.

तेव्हा ही सगळी विद्या थोतांड, असं म्हणून मी हात झटकणार होतो. पण दुसऱ्या अंकात नाना बोलले.

नाना दिंडोरी तालुक्यातले, या वाइनरीला द्राक्षं घालणारे. डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळे त्यांना पिकदाणीची गरजच नव्हती. शेवटच्या रांगेत बसून ते नुसता वास घेत होते. सूत्रधार गूजबेरीत रमलेले असताना ते शेजाऱ्याला म्हणाले, “पेरू आहे ना हा. पाडाचा पेरू. अन्‌ मागून ढोबळी मिरची येती.”

सूत्रधार “इंटरेस्टिंग” म्हणून पुढे सरकले. पाहुणा मात्र थांबला. दुभाष्या मुलीकडून त्याने ते वाक्य पुन्हा ऐकलं, पेल्यात नाक घालून बराच वेळ तसाच उभा राहिला आणि विचारलं, “प्लॉट कुणाचा?”

“माझाच,” नाना म्हणाले. “त्या साली पाऊस लांबला. पाला माजला, काढायला मजूर मिळंना. घड सावलीत राहिले.”

पाहुण्याचा चेहरा उजळला. ढोबळ्या मिरचीत जे वासाचं द्रव्य असतं, तेच या द्राक्षातही असतं. घडावर ऊन पडलं की ते कमी होतं, सावलीत ते टिकून राहतं. म्हणजे नानांनी पेल्यातून थेट बांधावर जाऊन दाखवलं होतं! पुढची वीस मिनिटं ते दोघे पाला कधी आणि किती काढावा यावर बोलत होते, मधे दुभाषी मुलगी घामाघूम. पाहुण्याने वहीत ‘पेरू’ हा शब्द विचारून विचारून लिहून घेतला.

समीक्षा म्हणतात ती हीच, असं माझं नम्र मत आहे. ज्या इंग्रजाने पहिल्यांदा गूजबेरी म्हटलं, तो प्रामाणिक होता. त्याच्या परसात ती होती. त्याचं परस आपण तोंडपाठ करतो, घोटाळा तिथे आहे. आपल्याकडे करवंद आहे, जांभूळ आहे, कैरी आहे. ज्याचं त्याने नाव घ्यावं, आणि जमलं तर तो वास कुठून आला तेही सांगावं. नानांना पैसे मिळतात ते वजनाचे आणि गोडीचे. गोडी मोजायला ब्रिक्सचं माप आहे. नाकाला पावतीवर रकाना नाही.

आता गुण. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने रूढ केलेली शंभर गुणांची पट्टी पन्नासपासून सुरू होते, म्हणजे हजेरीचेच पन्नास. आमच्या बी.कॉम.ला ही सोय असती तर मी आज ऑफिसर असतो! या पट्टीवर नेपथ्याला नव्वद, पाहुण्याला पंच्याण्णव, सूत्रधारांना पन्नास. नानांना गुण देण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. संयोजकांना एकच सूचना: पुढच्या प्रयोगाला त्यांना पहिल्या रांगेत बसवा. एक पिकदाणीही वाचेल.