अब्रू की खासगीपणा? : सनसनाटी वृत्तपत्रे, लोकक्षोभ आणि तेंडुलकरांचे ‘कमला’

प्रास्ताविक

वृत्तपत्रांनी व्यक्तीच्या खासगी आयुष्यात डोकावू नये, असे वाचक वारंवार बोलून दाखवतो आणि तशी डोकावणारी वृत्तपत्रे विकतही घेतो. ही विसंगती केवळ दांभिकपणाची साक्ष म्हणून सोडून देता येत नाही. समाजाचा संताप कोणत्या प्रसंगी उसळतो, कोणाच्या बाजूने उसळतो आणि कोणत्या प्रसंगी तो मुळीच उसळत नाही, हे तपासले असता खासगीपणाविषयीची त्या समाजाची खरी धारणा हाती लागते. महाराष्ट्रातील काही घटना आणि विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ हे नाटक यांच्या आधारे या धारणेची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मराठी समाजातील हा संताप बहुतांशी अब्रूच्या रक्षणासाठी व्यक्त झाला, व्यक्तीच्या खासगीपणासाठी नव्हे. परिणामी ज्यांना समाजाने अब्रूच नाकारली त्यांच्या वाट्याला या संतापाचे संरक्षण आले नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

संकल्पनांतील भेद

अब्रू आणि खासगीपणा हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात; वस्तुतः त्यांत मूलभूत फरक आहे. ‘अब्रू चव्हाट्यावर येणे’, ‘लक्तरे वेशीवर टांगणे’, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे मराठीतील रूढ प्रयोग पाहिले तर त्यांत घराचा, कुळाचा, नावाचा विचार आहे. अब्रू दुसऱ्याच्या नजरेत असते. ती मिळते, वाढते आणि जातेही. खासगीपणा मात्र दुसऱ्याच्या मतावर अवलंबून नसतो. समाजात कोणतेही स्थान नसलेल्या माणसालाही आपल्याविषयी काय सांगावे आणि काय सांगू नये, हे ठरवण्याचा अधिकार असणे, हा त्याचा गाभा होय. ‘खासगी’ या शब्दाचा एक जुना वापरही येथे सूचक आहे. संस्थानी व्यवहारात राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीला ‘खासगी’ म्हटले जाई. होळकरांची खासगी त्यामुळेच प्रसिद्ध आहे. म्हणजे खासगी असणे ही एके काळी मोठ्यांची मिरास होती.

कायद्यानेही दीर्घकाळ अब्रूचीच दखल घेतली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ अब्रुनुकसानीविषयीचे होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेतील कलम ३५६ ने घेतली. सार्वजनिक हितासाठी केलेले खरे विधान अब्रुनुकसानी ठरत नाही, हा अपवाद दोन्हींत आहे. खासगीपणाचा भंग मात्र बहुधा खऱ्या बातमीनेच होतो. खोटी बातमी नाकारता येते, खरी बातमी नाकारता येत नाही. म्हणून अब्रुनुकसानीचा कायदा कितीही कडक असला तरी ज्याच्याविषयी खरे तेच, पण त्याला न विचारता छापले गेले, त्याला तो फारसा उपयोगी पडत नाही.

एकोणिसाव्या शतकातील दोन घटना

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या समारंभात काही प्रतिष्ठित पुणेकर उपस्थित होते आणि तेथे चहा-बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रातून प्रसिद्ध केल्यावर शहरात मोठे वादळ उठले. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्तांचा प्रश्न निघाला आणि रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतल्यावर त्यांचे अनुयायी नाराज झाले. या वादात मुख्य प्रश्न राहिला तो धर्म बुडाला की नाही, हा. कोणी कोणाच्या घरी काय प्यावे, ही वर्तमानपत्राने यादी छापण्याची बाब आहे काय, हा प्रश्न मागेच पडला. संतापाचा रोख छापणाऱ्यापेक्षा ज्यांची नावे छापली गेली त्यांच्याकडे अधिक होता.

त्याआधी काही वर्षे मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी झालेला विवाह मान्य नसल्याने त्यांनी पतीकडे नांदण्यास नकार दिला. १८८४ मध्ये दाखल झालेला दावा १८८८ मध्ये तडजोडीने मिटला. या काळात एका स्त्रीचा संसार हा मराठी आणि इंग्रजी पत्रांचा उघड विषय बनला. मात्र १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने स्वतः रखमाबाईंनीही पत्रे लिहिली होती. आपल्या आयुष्यातील काय सांगायचे, किती सांगायचे आणि स्वतःचे नाव झाकून सांगायचे, हा निर्णय त्यांचा होता. खासगी गोष्ट जाहीर होणे हेच मुळात वाईट, असे म्हणता येत नाही. ती कोणाच्या इच्छेने जाहीर झाली, हे महत्त्वाचे असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

‘ब्लिट्झ’ आणि नानावटी खटला

स्वातंत्र्योत्तर काळात लहान आकाराच्या पानांचे, मोठ्या मथळ्यांचे सनसनाटी पत्र म्हणजे काय, हे मुंबईने रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ (स्थापना १९४१) या साप्ताहिकात पाहिले. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीशी संबंध असलेल्या प्रेम आहुजा यांची गोळी घालून हत्या केली. ‘ब्लिट्झ’ने नानावटींची बाजू इतक्या हिरिरीने लावून धरली की पंचवीस नव्या पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचे सांगितले जाते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. पुढे १९६४ मध्ये नानावटींना माफी मिळाली.

या खटल्यात नानावटींच्या पत्नीने आहुजांना लिहिलेली पत्रे पुराव्यात आली आणि त्या निमित्ताने एका स्त्रीचे अंतर्मन घरोघरी वाचले गेले. लोकांमध्ये क्षोभ होता. परंतु तो पतीच्या दुखावलेल्या अब्रूसाठी होता. ती पत्रे चव्याने वाचली जावीत काय, याविषयी संताप उसळला नाही. सनसनाटी पत्र लोकक्षोभाचे लक्ष्य होण्याऐवजी त्याचे मुखपत्र कसे बनते, याचे हे ठळक उदाहरण होय.

‘कमला’ : उघडकीस आणणाऱ्याचे घर

सनसनाटी हा केवळ पानाच्या आकाराचा प्रश्न नाही, याची जाणीव तेंडुलकरांच्या ‘कमला’ने करून दिली. एप्रिल १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी स्त्रियांची खरेदी-विक्री सिद्ध करण्यासाठी एक स्त्री विकत घेतली आणि तो वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या नाटकात जयसिंग जाधव हा दिल्लीतील पत्रकार अडीचशे रुपयांना कमलाला विकत घेऊन घरी आणतो आणि पत्रकार परिषदेत तिला पुरावा म्हणून उभी करतो.

जयसिंग लबाड नाही. स्त्रियांचा बाजार भरतो हे सत्य आहे आणि ते जगापुढे यावे यात सार्वजनिक हित आहे, याविषयी वाद नाही. त्यामुळेच नाटककाराने उभा केलेला प्रश्न कठीण होतो. कमलाला नेमके कुठे आणि कशासाठी नेले जात आहे, हे तिला सांगितले जात नाही. ती फाटक्या वस्त्रांत दिसणे पत्रकाराच्या सोयीचे आहे. परिषदेत तिला विचारले गेलेले अश्लील प्रश्न प्रेक्षकाला थेट दाखवले जात नाहीत. ते जयसिंग आणि त्याचा मित्र जैन यांच्या हसतखेळत केलेल्या वर्णनातून कळतात. विकत घेणारा बाजार आणि बातमी घेणारा बाजार यांतील अंतर या प्रसंगात नाहीसे होते. छोटेसे पत्र निष्ठेने चालवणारे काकासाहेब हे जुन्या पत्रकारितेचे प्रतिनिधी असून त्यांच्या अस्वस्थतेतून हा दोष अधोरेखित होतो.

कमला जयसिंगच्या पत्नीला, सरिताला, तिची किंमत विचारते आणि त्या साध्या प्रश्नाने सरिताला स्वतःच्या संसाराचे स्वरूप उमगते. पुढे सरिता स्वतःच पत्रकार परिषद घेऊन आपल्या घरातील गुलामी जाहीर करण्याचा विचार बोलून दाखवते. या विचाराकडे समीक्षेने विशेष लक्ष द्यावयास हवे. ज्या साधनाने कमलाची विटंबना झाली तेच साधन सरिताला मुक्तीचे वाटते, कारण दरवाजा उघडणारी ती स्वतः आहे. रखमाबाईंच्या पत्रांशी या प्रसंगाचे नाते आतून जुळते.

नाटकाची मर्यादाही येथेच आहे. वृत्तांतात छापलेले नाव नाटकाच्या शीर्षकात तसेच राहिले आणि कमलाची आश्रमात रवानगी झाल्यावर नाटक सरिताचे होते. सुशिक्षित स्त्रीच्या जागृतीचे निमित्त बनून कमला रंगमंचावरून नाहीशी होते. तिला काय वाटले, हे पत्रकाराप्रमाणेच नाटककारानेही फारसे विचारलेले नाही. तरीही हा दोष जयसिंगच्या रूपाने प्रेक्षकासमोर ठेवण्याचे धैर्य तेंडुलकरांनी दाखवले, ही त्यांची मोठी कामगिरी मानावी लागेल.

संतापाची दिशा बदलते तेव्हा

संताप दुर्बलाच्या बाजूनेही उभा राहू शकतो. १९७२ मध्ये देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवले. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रानंतर देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात सुधारणा झाली. पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करणारे कलम २२८-अ त्याच वेळी आले. मात्र ज्या मुलीमुळे ही सुधारणा झाली तिचेच नाव पुढे पाठ्यपुस्तकांत प्रकरणाचे नाव म्हणून रूढ झाले, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे.

इंग्लंडमधील अनुभवही बोलका आहे. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या पत्राचे लोक राजघराण्यातील आणि प्रसिद्ध व्यक्तींचे ध्वनिसंदेश चोरून ऐकतात, हे आधी उघड झाले होते. परंतु खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या दूरध्वनीतही या पत्राने हात घातल्याचे २०११ मध्ये कळले, तेव्हा लोकक्षोभ इतका वाढला की १८४३ पासून चाललेले ते पत्र काही दिवसांत बंद करावे लागले.

आपल्याकडे खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने दिले आणि त्याचा संबंध व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी जोडला. २०२० मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर माध्यमांनी जो समांतर खटला चालवला, त्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल देऊन असे वार्तांकन न्यायदानात हस्तक्षेप करणारे असल्याचे म्हटले. याचिकाकर्त्यांत माजी वरिष्ठ पोलीस अधिकारीही होते आणि मुंबई पोलिसांची बदनामी थांबावी, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे याही वेळी दार ठोठावण्यात अब्रूचा वाटा होता. निकालात मात्र मृताच्या प्रतिष्ठेचाही विचार झाला.

भवानी पेठेच्या संदर्भात

हा प्रश्न महानगरातील नामवंतांपुरता नाही. जिल्हा पातळीवरील पत्रांत गुन्हे, अपघात, आत्महत्या यांच्या बातम्यांत नाव, वय आणि ‘रा. भवानी पेठ, सोलापूर’ असा पत्ता देण्याची पद्धत रूढ आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांच्या आणि विडी कामगार स्त्रियांच्या दाट वस्तीत नाव वगळले तरी वय, व्यवसाय आणि पेठ एवढ्यावरून व्यक्ती ओळखू येते. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना खटल्यात पीडितेची ओळख दुरान्वयानेही पटता कामा नये, असे बजावले आहे. बंगल्यात राहणाऱ्यास वकील आणि खुलासा छापून आणण्याची ओळख असते. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या दिवशी त्याच बोळातून कामावर जावे लागते. वृत्तपत्र परिषद ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. त्यामुळे वाचकाच्या विवेकावरच बरेच काही अवलंबून राहते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की वृत्तपत्रांवरील संताप हा आपोआप खासगीपणाचा कैवारी ठरत नाही. पंचहौद प्रकरणात तो नावे छापली गेलेल्यांवरच उलटला, नानावटी प्रकरणात पत्राने तो स्वतःच विकला आणि ‘कमला’त तो उसळलाच नाही. सार्वजनिक हिताची बातमी रोखणे हा यावरचा उपाय नव्हे. सत्तेचा गैरवापर आणि माणसांचा बाजार उघड झालाच पाहिजे. परंतु ज्याच्या आयुष्यातून ती बातमी घडते त्याला विचारले गेले काय, त्याची ओळख देणे खरोखर आवश्यक होते काय आणि तो दुर्बल नसता तर तेच छापले गेले असते काय, हे तीन प्रश्न पत्रकाराने आणि वाचकाने सारखेच विचारायला हवेत. वृत्तविद्या, मराठी, समाजशास्त्र आणि विधी या विषयांच्या वर्गांत ‘कमला’ शिकवताना स्थानिक पत्रांतील बातम्या शेजारी ठेवून हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडता येतील. अब्रू ज्यांना आहे त्यांच्यासाठी रागावणे सोपे असते. ज्यांना ती नाकारली गेली त्यांच्या खासगीपणासाठी रागावता येणे, ही समाजाच्या प्रौढपणाची कसोटी होय.