जोड जमली तरच गाडी

सप्टेंबर २०१८मध्ये महिंद्राने नाशिकला ‘मराझो’ बाजारात आणली, तेव्हा चर्चा झाली ती किंमत आणि आसनसंख्येची. तिच्या जन्माची कथा मात्र मागे राहिली. तिची लोखंडी चौकट अमेरिकेत, डेट्रॉइट परिसरातल्या महिंद्राच्या तंत्रकेंद्रात आखली गेली. बाहेरचे रूप मुंबईच्या डिझाइन स्टुडिओने इटलीतल्या तुरीनच्या पिनिनफरिना या डिझाइन कंपनीबरोबर मिळून ठरवले, आणि गाडी उभी केली ती नाशिकच्या कामगारांनी. चासी अमेरिकेची, बॉडी इटलीची हा एके काळी हॉलिवूडच्या नटांचा शौक होता. तो दहा लाखांच्या आसपासच्या किमतीत माणगाव-म्हसळ्याच्या कुटुंबांपर्यंत पोहोचला. या कलेचा आजवरचा प्रवास तपासण्याचे हे चांगले निमित्त आहे, कारण ती आज कुठे उभी आहे या प्रश्नाचे निम्मे उत्तर महाराष्ट्रात आहे.

मुळात ही कला दोन परिस्थितींच्या योगातून जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतर डेट्रॉइटकडे मोठी, दणकट आणि भरवशाची इंजिने होती, पण तिथला कारखाना लाखांच्या हिशेबात चालायचा. पाच-पंचवीस गाड्यांसाठी साचे पाडणे तिथे परवडत नसे. तुरीनमध्ये नेमके उलटे होते. पैसा नव्हता, मोठी यंत्रे नव्हती. पण पत्र्याला हव्या त्या वळणावर नेणारे कारागीर होते आणि त्यांची मजुरी डॉलरच्या मानाने स्वस्त होती. क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनरने हे हेरले आणि १९५१पासून आपल्या कल्पनेतल्या गाड्या घिया या कारखान्याकडून घडवून घ्यायला सुरुवात केली.

त्या काळचे काम कसे चाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. आधी गाडीच्या आकाराचा लाकडी ढाचा उभा करायचा. पत्रा कापायचा, वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने ठोकून त्याला खोलगट करायचा, रोलरमधून काढून गुळगुळीत करायचा आणि ढाच्यावर लावून बघायचा. बसला नाही, तर पुन्हा ठोकायचा. सांधे जोडून झाले की उरलेला उंचसखलपणा शिशाने भरायचा आणि कानशीने घासायचा. डोळ्याला जी चूक दिसत नाही ती तळहाताला कळते, म्हणून शेवटची परीक्षा हाताची. रायगडातल्या कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात आजही हेच दिसेल. बाहेरून हातोडी, आतून डॉली, आणि मध्येच थांबून पत्र्यावरून सावकाश फिरणारा हात. साधने जवळजवळ तीच आहेत. फरक आहे तो कारागिराकडे काय मागितले जाते याचा. आपण त्याच्याकडे मोडलेले पूर्ववत करून मागतो, तुरीनमध्ये त्याच्याकडून नवे मागितले गेले.

या जोडकामातून निघालेल्या सगळ्याच गाड्या थोर नव्हत्या. माझा निकष साधा आहे : बॉडी सुंदर आहे का आणि चासी दमदार आहे का, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. दोघांनी एकमेकांना ओळखले आहे का, हाच प्रश्न. ब्रिग्ज कनिंगहॅमची सी-३ या कसोटीला उतरते. स्वतः शर्यतीत उतरणाऱ्या माणसाने आपली चासी आणि क्रायस्लरचे व्ही-८ इंजिन तुरीनच्या विन्यालेकडे पाठवले, डिझायनर मिकेलोत्तीने त्यावर रूप रेखाटले. जेमतेम पंचवीसेक गाड्या झाल्या, पण त्यांत एकही रेघ उपरी वाटत नाही. ड्युअल-घियाही तशीच. डेट्रॉइटच्या यूजीन कॅसारोलने डॉजच्या चासी जहाजाने तुरीनला धाडल्या, घियाने त्यांवर बॉडी बांधल्या आणि गाड्या परत अमेरिकेत आल्या. १९५६ ते ५८ या काळात ११७ झाल्या. फ्रँक सिनात्रा आणि डीन मार्टिन तिचे मालक होते म्हणून ती गाजली; पण तिचे खरे मोल असे की एक्सनरचे संकल्पचित्र घियाच्या हाताखालून आधीच गेलेले होते. बॉडी बांधणाऱ्याला चासी अनोळखी नव्हती.

पुढे अंतर वाढत गेले. घियाने १९५७ ते ६५ या काळात क्रायस्लरसाठी १३२ क्राउन इम्पीरियल लिमोझिन बांधल्या. काम नेटके, पण त्यात अमेरिकेत न परवडणारी मजुरी वाचवण्याचाच हेतू मोठा. १९५९-६०ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम पिनिनफरिनाने हाताने बांधली. तिचा प्रत्येक पत्रा ज्या त्या गाडीपुरता ठोकलेला होता, त्यामुळे अपघातात दबलेल्या गाडीला दुसरीचा पत्रा सहज बसत नसे. हातकामाचा हा दोषही मान्य केला पाहिजे; त्याचा नुसता गौरव करून भागत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण कॅडिलॅक अलांतेचे. १९८७ ते ९३ या काळात तुरीनमध्ये रंगवून सजवलेल्या बॉडी खास सोय केलेल्या बोइंग ७४७ विमानात, एका खेपेस छप्पन, अशा डेट्रॉइटला जात आणि तिथे त्यांना इंजिन बसे. एवढा खटाटोप करूनही सुरुवातीचे इंजिन तिच्या रूपाला शोभेल इतक्या ताकदीचे नव्हते, आणि कापडी छताबद्दल गळतीच्या तक्रारी होत्या. तोलामोलाचे नॉर्थस्टार इंजिन मिळाले ते शेवटच्या वर्षी. दोन उत्तम घरे केवळ विमानाने जोडली गेली. कारागीर आणि यंत्रज्ञ एका छपराखाली बसून भांडले नाहीत. माझ्या मते ही कला हरली ती तिथे. त्याआधीच एकसंध बॉडीची पद्धत रूढ झाल्याने सुटी चासी मोटारींमधून जवळजवळ हद्दपार झाली होती. घिया १९७०मध्ये फोर्डकडे गेले, अशाच बॉडी घडवणाऱ्या बर्टोनेचे २०१४मध्ये दिवाळे निघाले.

महाराष्ट्रात या दोन्ही धारा फार लवकर येऊन मिळाल्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जुळल्या, पाठोपाठ फियाट आल्या. अमेरिका आणि इटली एका आवारात होत्या, पण त्यांची सांगड घालून तिसरे काही आपले घडवावे, असा प्रयत्न झाला नाही. परवाना राजच्या काळात त्याला वावही थोडा होता. प्रीमियरच्या पद्मिनीने १९६४च्या फियाटचे रूप शतक संपेपर्यंत अंगावर वागवले, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शेवटची काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिच्यावर आपण प्रेम केले. तिच्यात भर मात्र घातली नाही.

हाताने बॉडी बांधण्याची खरी मराठी परंपरा मोटारींत नाही, एसटीत आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या महामंडळाच्या कार्यशाळांत टाटा आणि लेलँडच्या उघड्या चासी यायच्या आणि सांगाडा, पत्रा, रिव्हेट, बाकडी असे सगळे अंगावर लेवून लाल गाड्या बाहेर पडायच्या. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांत धावलेल्या एसटीच्या गाड्या पुढे दादर-पुणे मार्गावर आल्या आणि मराठी माणसाने ‘एशियाड’ म्हणून त्यांना आपली पहिली आरामगाडी मानले. याच निमआराम गाड्यांना नंतर ‘हिरकणी’ हे रायगडाचे नाव मिळाले.

या गाड्यांची समीक्षा करायला म्हसळ्यासारखी जागा नाही. माणगावकडून येताना घोणसे घाटाची वळणे, चार महिने कोसळणारा पाऊस, आणि श्रीवर्धन-दिघीकडची पत्रा खाणारी खारी हवा. एके काळी गाडीच्या टपावर कॅरियर असे आणि मागे चढायला लोखंडी शिडी. आंब्याच्या पेट्या, तांदळाची पोती, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याची ट्रंक असा सगळा संसार तिथे चढे. ती शिडी नक्षीकाम नव्हते. कोकणातले प्रवासी काय घेऊन फिरतात हे बॉडी बांधणाऱ्याला ठाऊक असल्याची ती खूण होती. जिथे एसटी कमी पडली, तिथे मिनीडोर आणि जीप धावल्या; त्यांच्या टपावर, मागच्या पायरीवर स्थानिक वेल्डरने जे जे जोडले, तेही याच ज्ञानातून.

आता चित्र बदलते आहे. कार्यशाळांनी ॲल्युमिनियम सोडून पोलादी बॉडी बांधल्या, आणि ते योग्यच झाले. उलटलेल्या गाडीत ॲल्युमिनियमचा पत्रा माणसाला वाचवत नाही. बस बॉडी संहितेने दरवाजे, आसने, संकटकालीन खिडक्या यांना शिस्त लावली, हेही हवेच होते. पण २०२४मध्ये एसटीने २,१०४ गाड्या अशोक लेलँडकडून पूर्ण बांधून घ्यायचे ठरवले, विजेच्या गाड्या तर भाडेकरारावर येत आहेत. कारखान्यात बनलेली गाडी सरस असू शकते. प्रश्न एवढाच की पहिली पायरी किती उंच असावी, डोक्यावरच्या पाटीसह बाई चढणार कुठून, पावसाची झड आत येऊ नये म्हणून काच कशी सरकावी, हे आता कोण ठरवणार? ज्याला घोणसे घाट माहीत नाही, त्याने ते ठरवू नये.

इथेच मुंबईचे दायित्व येते. विलिस जीप जुळवत वाढलेल्या महिंद्रा समूहाने डिसेंबर २०१५मध्ये पिनिनफरिनाचा सुमारे ७६ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. त्यातून आलेली बातिस्ता ही विजेवरची अतिवेगवान गाडी : बॅटरी आणि यंत्रणा क्रोएशियाच्या रिमाकची, अंग इटलीचे, भांडवल मुंबईचे, आणि संख्या फार तर दीडशे. विजेच्या गाड्यांत बॅटरी तळाशी जाते, त्यामुळे सपाट चासी आणि वरची बॉडी यांची जुनी फारकत पुन्हा शक्य होते आहे. बातिस्ता देखणी आहे यात वाद नाही. पण या पुनर्जन्माची कसोटी अब्जाधीशांची गाडी असू शकत नाही. मराझोने दिशा बरोबर धरली होती. जड चौकट असूनही पुढच्या चाकांना ताकद, छतातून येणारा थंड वारा, ग्लोबल एनकॅपचे चार तारे. चासी आणि बॉडी एकमेकांना विचारून बनल्याचे तिच्यात जाणवते. विक्रीत ती टिकली नाही. पेट्रोलचे इंजिन तिला कधीच मिळाले नाही आणि ग्राहक उंच, रुबाबदार एसयूव्हीकडे वळला. म्हणून कल्पना खोटी ठरत नाही.

पिनिनफरिनाने इटलीच्या ईटीआर-५०० आणि नव्या युरोस्टार रेल्वेगाड्यांनाही रूप दिले आहे. सार्वजनिक वाहन तिला परके नाही. एसटीच्या कार्यशाळांत अजून अनुभवी हात आहेत. ते निवृत्त होऊन कार्यशाळा केवळ दुरुस्तीच्या शेड होण्याआधी महामंडळाने एक कोकणी बस मागावी : चासी कुणाचीही चालेल, पण रूप मुंबई-तुरीनच्या स्टुडिओने आणि दापोडीच्या कारागिरांनी एकत्र बसून ठरवावे, आणि पहिली चाचणी भर जुलैत म्हसळ्याच्या रस्त्यावर, पूर्ण भारासह व्हावी. उंची गाड्यांनी सत्तर वर्षांत जे शिकवले ते एवढेच आहे की बॉडी आणि चासी यांची सोयरीक दुरून जमत नाही. मालकी, कारखाना आणि रस्ता तिन्ही एका राज्यात असताना ती न जमवणे हा आपला करंटेपणा ठरेल.