खिशातला कॅमेरा, खिशातली धूळ

गेल्या दीड वर्षात मी काढलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत उजवीकडे वर एक करडा डाग आहे. फोनच्या स्क्रीनवर तो दिसत नाही. इन्स्टावर टाकलेल्या फोटोंत तो आजवर कुणाच्या लक्षात आलेला नाही. पण मला माहीत आहे की तो तिथे आहे. त्यामुळे आभाळाचा फोटो उघडला की मी आभाळ बघत नाही, आधी तो कोपरा बघते.

कॅमेरा मी २०२१ मध्ये घेतला, नोकरीतल्या पहिल्या धड पगारवाढीनंतर. ‘प्रीमियम कॉम्पॅक्ट’ म्हणतात त्या जातीचा: मोठा सेन्सर, उत्तम लेन्स आणि तरीही जीन्सच्या खिशात मावणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं तर ही नुसती तक्रार होईल आणि तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा. मला बोलायचंय ते या अख्ख्या जातीबद्दल, आणि आपण तिची जी परीक्षणं वाचतो त्यांच्याबद्दल.

आधी यंत्र समजून घेऊ. मोठ्या सेन्सरवर प्रतिमा नीट पाडायची तर लेन्स त्याच्यापासून ठरावीक अंतरावर लागते. तेवढी लांब लेन्स खिशात मावत नाही. म्हणून ती एकात एक सरकणाऱ्या नळ्यांमध्ये बसवतात. कॅमेरा बंद केला की नळ्या आत, चालू केला की बाहेर. लेन्स बाहेर येते तेव्हा आतली जागा वाढते, आणि फटींतून हवा आत ओढली जाते. आत जाते तेव्हा हवा बाहेर पडते. थोडक्यात, हा कॅमेरा श्वास घेतो. आणि श्वास घेतो तो कुठे? खिशात. जिथे रुमालाचे तंतू असतात, बसच्या तिकिटाचा चुरा असतो, शेंगदाण्याची सालं असतात.

दिवसाला चाळीस वेळा चालू-बंद धरलं, तरी तीन वर्षांत ४३,८०० श्वास होतात. प्रत्येक श्वासाला आतली रिबनसारखी केबल वाकते, दातेरी चाकं फिरतात. एखादा कण सेन्सरवर जाऊन बसला तर काढायची सोय नाही. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात आपण लेन्स काढतो, ब्लोअरने फुंकर मारतो, काम झालं. इथे दारच नाही. तुमच्या फोनची लेन्स पुढेमागे सरकत बाहेर येत नाही, म्हणून फोन सील करता येतो. आयपी ६८ मधला सहाचा आकडा धुळीसाठी असतो, आठचा पाण्यासाठी. दोन-तीनपट किंमत मोजून घेतलेल्या खिशातल्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा असा आकडाच नसतो.

फिल्मच्या काळात हे दुखणं वेगळं होतं. काँटॅक्स टी टू हा १९९० सालचा कॅमेरा बघा: टायटॅनियमचं अंग, झाइसची ३८ मिमी लेन्स. त्याची लेन्सही आत-बाहेर करायची. पण फिल्मवर प्रत्येक फोटोला नवा पृष्ठभाग मिळतो. एका फ्रेमवर बसलेला कण त्या फ्रेमबरोबर पुढे निघून जातो. डिजिटलमध्ये पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत तोच एक काचेचा तुकडा. एकदा लागलेला कलंक आयुष्यभराचा. अर्थात काँटॅक्सचंही पुढे भलं झालं नाही. क्योसेराने २००५ मध्ये काँटॅक्स कॅमेऱ्यांचा धंदा आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. आज त्या कॅमेऱ्याची लेन्स ठणठणीत आणि आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलेला असेल, तर हातात उरतं ते सुंदर पेपरवेट.

बनवणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं नाही. रिकोच्या २०१९ च्या जीआर थ्रीमध्ये सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय आहे. म्हणजे धूळ येणार हे गृहीतच धरलंय. फुजीफिल्मने २०२० मध्ये एक्स१००व्ही काढला. त्याची लेन्स अशी घडी होऊन आत जात नाही, म्हणून तो जीन्सच्या खिशातही जात नाही. हवापाण्यापासून संरक्षण मिळतं म्हणे, पण पुढे एक अॅडाप्टर रिंग आणि फिल्टर लावल्यावर, आणि ते दोन्ही वेगळे विकत घ्यायचे. छत्री घेतली आणि दांडा वेगळा घ्यावा लागला, तसं. तरी मला ही तडजोड जास्त प्रामाणिक वाटते. खिसा की आयुष्य, यातलं काय सोडलं ते निदान समोर दिसतं.

आता परीक्षणांकडे. मी विकत घेण्याआधी वीसेक व्हिडिओ पाहिले असतील. सगळे कॅमेरा बाजारात आल्याच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांतले. कोपऱ्यातली शार्पनेस, आयएसओ ६४०० चा नॉइज, फोकसचा वेग. बॅटरी किती फोटो टिकते हे मोजायला जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचं, सीपाचं, ठरलेलं मानक आहे. म्हणून तो आकडा सगळ्यांकडे असतो, जीआर थ्रीचा २०० फोटो. पण लेन्स किती वेळा आत-बाहेर होऊ शकते? धूळ किती महिन्यांनी येते? हे डब्यावर छापलेलं नसतं, म्हणून परीक्षणातही नसतं. जे मोजलेलं असतं तेच वाचून दाखवायचं, याला परीक्षण म्हणत नाहीत.

आमच्या कामात दोन वेगळ्या चाचण्या असतात. लोड टेस्टमध्ये सिस्टीमवर एकदम भार टाकून ती कोसळते का बघतात. सोक टेस्टमध्ये साधाच भार ठेवतात, पण दिवसचे दिवस. मेमरी हळूहळू गळत असेल तर ती फक्त दुसऱ्या चाचणीत सापडते. कॅमेऱ्याचं प्रत्येक परीक्षण म्हणजे लोड टेस्ट आहे. सोक टेस्ट आपण करतो, ग्राहक, स्वतःच्या पैशाने.

या जातीच्या कॅमेऱ्यांचं नाव निघालं की दाइदो मोरियामांचं नाव येतंच. टोकियोच्या रस्त्यांवर दशकानुदशकं छोटे कॅमेरे घेऊन हिंडलेला माणूस. भरड दाणे, हललेल्या आकृत्या, काळंकुट्ट काळं आणि पांढरंफेक पांढरं. मला ते फोटो फार आवडतात. पण त्या फोटोंत माझ्यासारखे दहा डाग असते तरी कुणाला दिसले नसते. या कॅमेऱ्यांचा सगळ्यात मोठा साक्षीदार असा आहे, ज्याच्या शैलीत हा दोष आपोआप विरघळतो. आपण मात्र त्याचा कॅमेरा घेतो आणि निरभ्र आभाळाचे फोटो काढतो.

माझा डाग आला तो इचलकरंजीत. काकांच्या शेडमध्ये साधे यंत्रमाग होते. ते विकायचं ठरलं तेव्हा मी पुण्याहून दर शनिवारी-रविवारी जाऊन फोटो काढायला लागले. शेडच्या हवेत सुताचे तंतू कायम तरंगत असतात. केसांवर बसतात, चहाच्या कपात पडतात. कापसाचा तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाडीचा, आणि माझ्या सेन्सरवरचा एक पिक्सेल चारेक मायक्रॉनचा. म्हणजे बारीक तुकडासुद्धा आतल्या जगात ओंडकाच. पुढे काय होणार हे मला आधीच कळायला हवं होतं. पण याच कॅमेऱ्याकडे बघून कामगार बुजत नव्हते, हेही खरं. मोठा कॅमेरा असता तर सगळे हातातलं काम सोडून केस नीट करत उभे राहिले असते.

सर्व्हिस सेंटरने सांगितलं, लेन्सचं अख्खं युनिट बदलावं लागेल. खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. परत धूळ येणार नाही ना, विचारलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, वापरलात तर येणारच.” त्या दिवशी राग आला होता. आता वाटतं, कॅमेऱ्याचं इतकं खरं परीक्षण दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

शेडमधल्या जॉबरमामांना मी हे सांगितलं. चाळीस वर्षांचे माग त्यांनी पान्याने आणि हातोडीने चालते ठेवले होते. ते कॅमेरा उलटसुलट करून बघत म्हणाले, “ताई, ह्याला खोलायला स्क्रू कुठंय?” मला तिथेच ‘जुनं ते सोनं’ म्हणून लेख संपवता आला असता. पण ते खरं नाही. मागसुद्धा सारखे बिघडायचे. ते टिकले, कारण बिघडणार हे धरून बनवले होते आणि दुरुस्त करणारा माणूस शेजारीच उभा होता. आणि इतकं टिकूनही ते शेवटी किलोच्या भावानेच गेले. टिकाऊपणा म्हणजे भवितव्याची हमी नव्हे, एवढं मी त्या शेडमध्ये शिकले.

तरीही यंत्राकडून एवढी अपेक्षा रास्त आहे: ज्या वापरासाठी विकलंय, तो वापर त्याने सोसावा. ‘कायम खिशात राहणारा’ म्हणून विकलेला कॅमेरा खिशानेच आजारी पडत असेल, तर चूक माझ्या वापरात नाही, त्या वचनात आहे. ‘प्रीमियम’ या शब्दाचे पैसे आपण पहिल्या फोटोसाठी मोजतो. चाळीस हजाराव्या फोटोबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. पुढच्या वेळी परीक्षण बघाल तेव्हा आधी तारीख बघा, आणि एवढंच विचारा: याने हा कॅमेरा किती पावसाळे वापरलाय?

शेवटच्या दिवशी माग बंद होते. शेडमध्ये इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. स्टुलावर कॅमेरा ठेवला आणि पुढच्या मागापासून शेवटच्या मागापर्यंत सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ ११ वर फोटो काढले. अॅपर्चर जितकं लहान, तितकी सेन्सरवरच्या धुळीची सावली ठळक. म्हणजे सगळ्यात काळजीने काढलेल्या फोटोंत डाग सगळ्यात गडद.

सॉफ्टवेअरने तो पुसता येतो. भिंतीवर असेल तर एका क्लिकमध्ये जातो. पण एका फोटोत तो नेमका मागावर ताणलेल्या ताण्यावर पडलाय. तिथे पुसायला गेलं की सॉफ्टवेअर आजूबाजूचे धागे बघून स्वतःच्या मनाने नवे धागे जुळवतं. ते धागे काकांच्या मागावर कधीच नव्हते. दोनदा केलं, दोन्ही वेळा परत उलटवलं.

तो फोटो प्रिंट करून काकांना दिला. डागासकट. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “तंतू आलाय गं वर कोपऱ्यात. त्या शेडमध्ये यायचाच.”